बडोद्यात दादाची दारू सोडवण्यासाठी परवाना असलेला समुपदेशक कसा शोधू? वहिनी पोलिसांना घाबरतात.

तुमच्या वहिनींची भीती मला चांगलीच ठाऊक आहे. माझा धाकटा भाऊ दांडिया बाजारात आमच्याकडेच राहायचा. सकाळी चहाची बशी दोन्ही हातांनी धरायचा, तरी निम्मा चहा लेंग्यावर. आई म्हणायची, “बाहेर बोलू नकोस, इथे दारूबंदी आहे.” त्या भीतीपायी दीड वर्ष फुकट गेलं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूचं व्यसनही येतं आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. वहिनींना हे आधी सांगा.

समुपदेशकाच्याही आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा. आम्ही उलटं केलं. भावाला खोलीत कोंडून दारू एकदम तोडली, तर दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे. आम्ही तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

आता परवान्याचं. ‘काउन्सेलर’ एवढ्या पाटीवर विश्वास ठेवू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. परिषदेच्या वेबसाइटवर नाव तपासता येतं. भरती करायचं सेंटर असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीचा कागद बघायला मागा. आम्ही एका खाजगी सेंटरला तो मागितला नाही. पैसे आगाऊ घेतले आणि वर “तीन महिने भेटायचं नाही, फोनही नाही” म्हणाले. घरच्यांना भेटणं, फोनवर बोलणं हा रुग्णाचा हक्क त्याच कायद्यात आहे, हे मला फार उशिरा कळलं. जिथे भेटू देत नाहीत तिथून सरळ उठून या.

आणि दादांच्या जेवणात गुपचूप औषध घालू नका, कोणी कितीही सांगू दे. दारू नकोशी करणाऱ्या गोळीवर माणूस नकळत प्यायला तर जिवावर बेतू शकतं.

आज रात्रीच कोणाशी बोलायचं असेल तर १४४१६ ही टेली-मानसची मोफत हेल्पलाइन आहे. व्यसनमुक्तीची वेगळी १४४४६. पहिल्या भेटीला जाताना शेवटचं कधी प्यायले, रोज किती, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. ते वहिनींना विचारून लिहा, दादा निम्मंच सांगतील.