एबीएस प्लास्टिकच्या पार्टवर दर शॉटला (मोल्ड, म्हणजे साचा, एकदा भरला की एक शॉट) एकाच कोपऱ्यात काळा डाग येतो, उपाय काय?

आधी मोल्डचे व्हेंट, म्हणजे हवा बाहेर जायच्या बारीक फटी, साफ करा आणि इंजेक्शनचा वेग फक्त शेवटच्या टप्प्यात कमी करा. मी मोल्डिंग शॉपमध्येच काम करतो, असा डाग बहुतेक वेळा एवढ्यानेच जातो. प्लास्टिक जोरात पुढे येतं, पुढच्या हवेला बाहेर पडायला वाट नसते, ती दाबली जाऊन इतकी तापते की कडेचं प्लास्टिक जळतं. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटतं, तसंच. मशीन बंद करून पार्टिंग लाइनवरचे (मोल्डचे दोन भाग जुळतात त्या रेषेवरचे) व्हेंट नीट बघा. चिकट तपकिरी थर दिसला तर वाट बुजली आहे. तो पितळी पत्तीनेच काढा, स्टीलने अजिबात नको, मोल्डची कड कायमची जाते. एबीएसला व्हेंटची खोली साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी लागते. जास्त खोल केलात तर फ्लॅश येईल, म्हणजे फटीतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येईल. क्लॅम्पिंगचं टनेज (मोल्ड बंद धरून ठेवायचा जोर) गरजेपेक्षा जास्त असेल तर तेही थोडं उतरवा, जादा दाबाने व्हेंट दबतात. मात्र डाग दर शॉटला जागा बदलत असेल, किंवा गेटपासून (प्लास्टिक मोल्डमध्ये शिरतं तिथून) तपकिरी रेघा निघत असतील, तर माल बहुधा बॅरलमध्येच, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीतच, जळतोय. मग बॅरलचं तापमान, स्क्रूचा वेग आणि माल आत किती वेळ राहतो ते तपासा.