जीडीच्या आधी बहिरेपण कळवावं का? कळवावं, आणि असं कळवावं

तुझा प्रश्न मी असा समजले. बी.कॉम. झालंय, दोन्ही कानांना मशीन आहे, पुढच्या गुरुवारी पुण्यात एका खासगी कंपनीची नोकरीसाठीची जीडी, म्हणजे गटचर्चा, आहे. एका टेबलाला दहा जण, वेळ पंधरा मिनिटं. आधी कळवलं तर बोलावणारच नाहीत ही भीती, न कळवता गेलं तर तिथे फजिती. काय करू?

कळव. आणि आजच, बुधवारी रात्री नको.

मी न कळवता गेले होते, 2008 साली. मेंदूज्वरानंतर, वयाच्या चौथ्या वर्षापासून, मला ऐकू येत नाही, पण बोलणं बरं आहे, जरासं जाड. त्यामुळे वाटायचं की निभावून नेऊ. विषय होता मॉलमुळे किराणा दुकानदार बुडतील का. मी टेबलाच्या टोकाला, डोक्यावर एसी घुरघुरतोय, आणि कोण बोलतंय हे कळेपर्यंत तो बोलून संपलेला. शेवटी एक फट मिळाली तशी घुसले आणि ठणकावून सांगितलं, "कोपऱ्यावरचा वाणी उधारी देतो, मॉल देत नाही." टेबल गप्प. दोघं हसले. मला वाटलं, मुद्दा लागला! खाली उतरताना लिफ्टमध्ये एका मुलाने वहीच्या कोपऱ्यावर लिहून दाखवलं: माझ्या आधी नुकतंच निळ्या ड्रेसवालीने हेच सांगितलं होतं, उधारीसकट.

पॅनेलच्या कागदावर मी बहिरी नव्हतेच. मी होते दुसऱ्याचं न ऐकणारी, मध्येच तोंड घालणारी मुलगी. आपलं बहिरेपण कुणाला दिसत नाही, दिसतो तो शिष्टपणा. गेली काही वर्षं आमच्या ऑफिसात मीही टेबलाच्या पलीकडे बसते, म्हणून सांगते, तिथे 'इतरांचं ऐकून घेतो का' असा वेगळा रकानाच असतो. न कळवता गेलीस तर त्या रकान्यात तुझे गुण जाणार. कळवल्यामुळे एखादी कंपनी टाळेलही, टाळतात, खोटं कशाला बोलू. पण जी चार ओळींच्या मेलला घाबरली ती रोजच्या मीटिंगमध्ये तुला काय सांभाळून घेणार होती?

मेलमध्ये रडगाणं नको, कायद्याची कलमं नकोत, ऑडिओग्रामही (कानाच्या तपासणीचा आलेख) जोडू नकोस, एचआरला तो वाचता येत नाही. साधारण एवढंच, इंग्रजीत करून: "मला ऐकू कमी येतं, समोरासमोर एकेकाशी बोलताना अडचण येत नाही. गटचर्चेसाठी तीन गोष्टी हव्यात. विषय बोलून सांगताना कागदावर किंवा फळ्यावरही लिहावा. बोलणाऱ्याने आधी हात वर करावा. मला सगळ्यांचे चेहरे दिसतील अशी जागा मिळावी. फोनऐवजी मेल किंवा व्हॉट्सॲप करावं." शेवटची ओळ विसरू नकोस. माझ्या एका मुलाखतीचा फोन आईने घेतला, सगळ्याला "हो हो" म्हणाली, आणि मी शिवाजीनगरऐवजी हडपसरला जाऊन उभी राहिले.

तिन्हींत हात वर करणं सगळ्यात मोलाचं. त्यात कंपनीचा एक पैसा जात नाही आणि एका वेळी एकच जण बोलतो. खरं तर त्याने बाकीच्या नऊ जणांचंही भलंच होतं. हात वर करण्याला नकार आला तर 'चर्चेनंतर माझ्याशी पाच मिनिटं वेगळं बोला' हा पर्याय माग.

कायदा माहीत असू दे, पण खिशात असू दे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी नोकरीत किमान 4 टक्के जागा राखून ठेवतो, त्यातला 1 टक्का बहिऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. खासगी कंपनीवर हे आरक्षण नाही, मात्र समान संधी धोरण जाहीर करणं तिलाही लागू आहे. तिच्या वेबसाइटवर ते धोरण सापडलं तर मेलमध्ये त्याचा एका वाक्यात उल्लेख कर. नाही सापडलं तर वाद घालत बसू नकोस.

आता जागा. लवकर पोच आणि खिडकीकडे पाठ करून बस. खिडकी समोर आली तर सगळ्यांचे चेहरे काळे दिसतात आणि ओठ वाचता येत नाहीत. लांबट टेबल असेल तर लांब बाजूचा मध्य टाळ, कारण तुझ्याच रांगेतल्यांचे चेहरे दिसत नाहीत. कोपरा बरा, पण एसीखालचा नको. मशीन एसीचा आवाजही तेवढ्याच इमानाने मोठा करतं.

ओठवाचनावर फार विसंबू नकोस. आरशासमोर आवाज न काढता 'पाल', 'बाल', 'माल' म्हणून बघ. तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. 'क' आणि 'ग' तर घशातच होतात, बाहेर काही दिसतच नाही. आपण अर्धं वाचतो आणि अर्धं विषयावरून जुळवतो, म्हणून विषय लिहून मिळायला हवा. फोनवरचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब, म्हणजे बोललेलं लगेच लिहून दाखवणारं ॲप, टेबलाच्या मध्ये ठेवायची परवानगी माग. मात्र कोण बोललं ते त्यात कळत नाही, आणि मराठी-इंग्रजी मिसळलं की त्याची दांडी उडते. आमच्याकडे एकदा 'जीएसटी भरली'चं 'जी अस्थी भरली' झालं होतं.

क्लासवाले सांगतात, सुरुवात नाही जमली तर शेवटी सारांश करा, गुण मिळतात. आपल्याला हे उलटं लागतं. सारांशाला दहाही जणांचं ऐकलेलं लागतं, तो दुसऱ्याला करू दे. सुरुवात तू कर. विषय तुझ्यासमोर लिहिलेला आहे आणि अजून कुणीच काही बोललेलं नाही. अख्ख्या चर्चेत तुमच्या सगळ्यांच्या हातात सारखंच असतं असा तो एकच क्षण, तेव्हा तिथे लाजू नकोस. पहिल्या वाक्यात सांगून टाक: "मला कमी ऐकू येतं, बोलताना हात वर केलात तर मला मदत होईल." लगेच मुद्द्यावर ये. नंतर एखादा नवा मुद्दा मांडायचा असेल तर आधी शेजारच्याला विचार, "हे कुणी बोललंय का?" 2008 साली हे चार शब्द मला सुचले असते तर!

तू खुणांची भाषा वापरतेस की नाही ते लिहिलं नाहीस. वापरत असलीस तर दुभाषी मागता येईल, पण आठवडाभरात मिळणं अवघड असतं. मिळालाच तर त्याला चर्चा घेणाऱ्याच्या शेजारी बसव, तुझ्या शेजारी नको, म्हणजे एकाच नजरेत दोघं येतील. दुभाषी असला तरी दोन-तीन सेकंद मागे राहशीलच, तेव्हाही हात वर करण्याची पद्धत हवीच.

आणि बाहेर बाकड्यावर थांबशील तेव्हा नावं पुकारणाऱ्याला आधीच गाठून सांग, "मला हाक ऐकू येणार नाही, समोर येऊन हात करा." मशीनचे नवे सेल बॅगेत टाक, आणि दारातून आत जायच्या आधी बदल, जुने चालू असले तरी. बारीक 'टुक टुक' करून ते नेमके चर्चेच्या मध्येच मान टाकतात.