1852 साली ओरेगॉनला आलेल्या सहा वर्षांच्या मुलीचं माहेर कसं शोधायचं?

तुम्ही विचारलंय, नवऱ्याची खापरपणजी 1852 साली, सहा वर्षांची असताना, बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगॉनला आली. हाताशी तिचं लग्नानंतरचं नाव आणि म्हातारपणीचा एक फोटो आहे. पुढे काय?

मी पोर्टलंडला राहते. माझ्या सासूबाईंच्या घराण्याचा असाच शोध घेण्यात माझी दोन वर्षं गेली. त्यातून एक पक्कं कळलं: त्या काळच्या पोराच्या नावाने कागद जवळजवळ नसतोच. ते सापडतं आजूबाजूच्या मोठ्यांच्या कागदांत.

म्हणून म्हातारपणाकडून मागे चला. ओरेगॉनात मृत्यूंची राज्यभर नोंद 1903 पासून सुरू झाली. त्यानंतर ती वारली असेल, तर दाखल्यावर वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव मिळू शकतं. मात्र ते मुलाने किंवा जावयाने आठवेल तसं सांगितलेलं असतं, तेव्हा ताडून पाहा. लग्नाची नोंद काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत शोधा.

मग जनगणना. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की फुकट बघता येते. 1900 च्या नोंदीत जन्माचा महिना आणि वर्ष, शिवाय बाईला मुलं किती झाली आणि हयात किती, हेही आहे. 1890 ची वाट बघू नका; 1921 साली राजधानी वॉशिंग्टनला लागलेल्या आगीपायी ती जवळपास सगळी गेली. तुमच्यासाठी सगळ्यांत मोलाची 1850 ची. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. त्या वर्षापासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य आलं. गुलामीतल्या माणसांची वेगळी यादी होती, आणि तीत सहसा नावंच नव्हती. ही मुलगी तेव्हा चार वर्षांची, म्हणजे निघण्याआधीच्या गावी असणार.

भावंडांचे जन्म कुठले, ते नीट वाचा. आमच्याकडे थोरला केंटकीचा, मधल्या दोघी इंडियानाच्या, त्यानंतरचा मिसूरीचा आणि शेंडेफळ ओरेगॉनचं. कुटुंब कसं सरकत गेलं ते या एका रकान्यात दिसतं. मी आधी कुणीतरी इंटरनेटवर चढवलेल्या वंशावळीवर विसंबून आठ महिने भलत्याच बाईच्या मागे होते. नाव तेच, वय तेच. भावंडांची राज्यं जुळेनात, तेव्हा चूक ध्यानात आली.

आता जमिनीचा कागद. 1850 च्या कायद्याने ओरेगॉनात वसणाऱ्यांना जमीन मिळे. तुमच्या कुटुंबासारख्या, 1850 च्या अखेरीनंतर आलेल्या जोडप्याला 320 एकर, त्यातली निम्मी बायकोच्या नावे. त्यासाठी लग्न कधी, कुठे झालं आणि ओरेगॉनात कधी पोचलो, हे सांगावं लागे, शेजारी साक्ष देत. या फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आमच्या फायलीत एका साक्षीदाराच्या नाव आणि आडनावाच्या मधोमध शाईची वाकडी फुली आहे, वर कारकुनाच्या अक्षरात ‘याची निशाणी’. आपल्याकडच्या जुन्या खतांत ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असतं ना, तसंच. तो साक्षीदार मुलीचा मामा निघाला, आणि आईचं माहेर तिथेच हाती लागलं.

1850 मध्ये वडिलांचं एक आडनाव आणि 1860 मध्ये मुलीचं दुसरंच दिसलं तर घाबरू नका. 1852 साली त्या वाटेवर कॉलऱ्याने फार माणसं गेली आणि पोरकी मुलं दुसऱ्या घरांत वाढली. उदाहरणार्थ, सेगर नावाच्या कुटुंबातले आईवडील 1844 साली वाटेतच गेले, मागे सात मुलं. धाकटी तर वाटेतच जन्मलेली. वल्ला वल्ला या गावाजवळ व्हिटमन या मिशनरी दांपत्याने त्यांना सांभाळलं, आणि तिथेच झालेल्या 1847 च्या हत्याकांडानंतर वाचलेल्या चार बहिणी वेगवेगळ्या घरी गेल्या. अशा मुलीसाठी काउंटीतले पालकत्वाचे आणि वारशाचे कागद काढा.

आणखी एक, आणि हे मला मनापासून वाटतं. जमीन विलामेट खोऱ्यातली निघाली, तर ती तिथल्या मूळनिवासी कालापुया लोकांची होती हेही वंशावळीत लिहा. तिथले दावे 1850 पासून लागत गेले, करार झाला 1855 साली, आणि पुढच्या वर्षी त्यांना ग्रँड रोंडच्या राखीव वसाहतीत हलवलं.

फोटोच्या मागे छायाचित्रकाराचं नाव आणि गाव छापलेलं आहे का, तेवढं आज बघून सांगा. त्यावरून कुठल्या काउंटीपासून सुरुवात करायची ते ठरवू.