आयसीयूतल्या नर्सेसना ट्रेनिंग दिलं तरी पेशंटच्या तक्रारी कमी होत नाहीत, काय करावं?

बेळगावात आयसीयूत १२ वर्षं काढलीत, आता शिफ्टची इन्चार्ज आहे. मला वाटतं, नर्सचं कौशल्य आणि पेशंटचं समाधान ही दोन वेगळी खाती धरता तिथंच गडबड होते.

खानापूरकडच्या एक आजी व्हेंटिलेटरवर होत्या. रात्री दोनच्या सुमारास हातपाय झाडायला लागल्या. घशात नळी, बोलणार कशा? ड्युटीवरची पोरगी नवीन, गोकाकची, हुशार. पल्स वाढलेली बघून झोपेचं औषध वाढवायला डॉक्टरांना फोन लावणार, तेवढ्यात मी चादर उचलली. कॅथेटरची, म्हणजे लघवीची नळी मांडीखाली दुमडलेली! चार्टवर दोन तास लघवी शून्य, तिनंच सुबक अक्षरात लिहिलेलं. नळी सरळ केली, पिशवी भरली, आजी शांत झाल्या. पुढं घशातली नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात मला म्हणाल्या, "पोट फुटायला आलं होतं गं बाई, आणि ती पोरगी नुसती मशीनकडं बघत होती."

त्या पोरीला कॅथेटरचं सगळं पाठ होतं. शून्य लिहिताना 'का?' म्हणून थांबायची सवय नव्हती, आणि ती हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून लागत नाही.

म्हणून शिफ्ट बदलताना काउंटरवरचं हँडओव्हर, म्हणजे पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देणं, बंद केलं. दोघी खाटेपाशी उभ्या राहायचं. घशातली नळी ओठापाशी किती सेंटीमीटरवर आहे, तिच्याभोवतीच्या फुग्याचं (कफचं) प्रेशर २० ते ३० सेंटीमीटर पाणी आहे का, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे का, औषधाच्या पंपाचा वेग, लघवी, कूस वळवून पाठीची कातडी. येणारीनं बघायचं, जाणारीनं उत्तर द्यायचं. पेशंट शुद्धीत असेल तर त्याला सांगूनच. शेवटची बस चुकते म्हणून पहिले काही आठवडे सगळ्या माझ्यावर चिडलेल्या. चिडू देत. परीक्षाही तशीच घेते: नर्स सक्शन करताना, म्हणजे नळीतला चिकटा ओढून काढताना, मी गप्प बाजूला उभी, हात कधी धुतले तेवढं बघते. आणि मॅनेजमेंटला स्पष्ट सांगा, व्हेंटिलेटरच्या एका पेशंटला एक नर्स हवीच. तीन-तीन पेशंट गळ्यात घातल्यावर कसलं कौशल्य?

आमच्याकडं भाषेची भानगड वेगळीच. पेशंट खानापूरचा नाहीतर चंदगडचा, मराठी बोलणारा; सिस्टर बैलहोंगलची, कन्नड बोलणारी. एक पुठ्ठा केलाय, चित्रांखाली दोन्ही भाषांत शब्द: दुखतंय–नोवू, तहान–नीरडिके. पेशंट बोटानं दाखवतो. नातेवाइकांना मात्र रोज संध्याकाळी पाचला, काही बदल नसला तरी, बोलवून त्यांच्या भाषेत सांगायचं. "डॉक्टरांना विचारा" हे वाक्य माझ्या वॉर्डात बंद आहे. आजार किती गंभीर हे डॉक्टरच सांगतील, पण रात्री झोप लागली का, कूस किती वेळा बदलली, हे आपण सांगू शकतो की!

फीडबॅक फॉर्म बिलाच्या खिडकीवर भरून घेऊ नका, तिथं माणूस पैशाच्या चिंतेत असतो. पेशंट वॉर्डात गेल्यावर दोन दिवसांनी मी स्वतः जाते आणि एवढंच विचारते, "आत असताना कशानं जास्त त्रास झाला?" सुईचं नाव क्वचित निघतं. तहान, अलार्मचा आवाज, आणि दिवस आहे की रात्र ते कळत नव्हतं, हे बरेच जण सांगतात. त्यानंतर प्रत्येक खाटेसमोर मोठं घड्याळ लावून घेतलं.