मुलीचं नाव ऑक्टेव्हिया ठेवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडमध्ये, नवरा इंग्रज, माहेर नाशिकचं, ऑक्टोबरच्या मध्यावर मुलगी अपेक्षित. ऑक्टेव्हिया दोघांनाही आवडलंय. नाशिकहून ‘अर्थ काय?’ आणि ‘हाक कशी मारायची?’ असे दोन प्रश्न आलेत, आणि सासरी ‘फार उच्चभ्रू वाटतं’ अशी कुरकुर आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: नाव ठेवण्याजोगं आहे, पण घरातसुद्धा पूर्ण ‘ऑक्टेव्हिया’ अशी हाक मारायची तयारी असेल तरच. लघुरूपाच्या भरवशावर हे नाव ठेवू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी अर्थ. लॅटिनमध्ये ‘ऑक्टावुस’ म्हणजे आठवा. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून ऑक्टोबर हा आठवा महिना. पुढे वर्ष जानेवारीपासून मोजू लागले, तरी महिन्याचं नाव तेच राहिलं. पण ऑक्टेव्हियाचा अर्थ ‘आठवी मुलगी’ असा सरळ लावायचं कारण नाही. ऑक्टाव्हियुस हे एका रोमन कुळाचं नाव आणि ऑक्टेव्हिया हे त्याचं स्त्रीरूप. प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळात रोमन मुलींना बहुधा स्वतंत्र नाव मिळतच नसे, कुळाचं नाव स्त्रीलिंगी करून लावत. ज्युलियस कुळातली ती ज्युलिया, कॉर्नेलियस कुळातली ती कॉर्नेलिया. गोखल्यांच्या घरी जन्मलेल्या प्रत्येक मुलीचं नाव ‘गोखले’च ठेवावं आणि मग थोरली-धाकटी म्हणून ओळखावं, तसला प्रकार. सम्राट ऑगस्टसला दोन बहिणी होत्या, दोघीही ऑक्टेव्हिया. थोरली सावत्र, धाकटी सख्खी. इतिहासात गाजली ती धाकटी. तिला पुढे चार मुली झाल्या: दोन मार्सेला आणि दोन अँटोनिया, बापांच्या घराण्यांप्रमाणे.

तेव्हा आजीला सांगताना ‘अर्थ आठवी, पण मुळात ते घराण्याचं नाव’ एवढं पुरे. तेही पटलं नाही तर आपल्याकडचाच एक धागा हाताशी आहे. देवकीचा आठवा कृष्ण, जन्म श्रावण वद्य अष्टमीचा, नक्षत्र रोहिणी. आणि रोहिणीची चरणाक्षरं ओ, वा, वी, वू. ‘ओ’ हे पहिल्या चरणाचं अक्षर. बाळाचं नक्षत्र खरोखर रोहिणी निघालं, तर नावरस अक्षर बघणाऱ्यांचंही समाधान होईल. नाही निघालं तर हा योग ओढूनताणून जुळवू नका. बारशाला पाळण्यातलं नाव वेगळं ठेवायची सोय आपल्या रीतीत आहेच.

अर्थाच्या बाबतीत रोमन नावं किती फसवी असतात हेही पाहून ठेवा, म्हणजे ‘आठवी’ किती निरुपद्रवी आहे ते कळेल. क्लॉडियाच्या मुळाशी ‘क्लाउडुस’ आहे, म्हणजे लंगडा. सिसिलियाच्या मुळाशी ‘काएकुस’, म्हणजे आंधळा. पोर्शिया हे पोर्कियुस कुळाचं नाव, आणि ‘पोर्कुस’ म्हणजे डुक्कर. इंग्लंडमध्ये या नावांचा अर्थ कुणी विचारत नाही. आपल्याकडे मात्र बारशाच्या दिवशीच विचारतात.

आता नावामागची माणसं. माझ्या मते या नावाचं खरं बळ तिथे आहे. ऑगस्टसच्या त्या बहिणीचा जन्म इ.स.पू. 69 च्या सुमाराचा. पहिला नवरा वारल्यावर इ.स.पू. 40 मध्ये तिचं लग्न रोमन सेनापती मार्क अँटनीशी झालं. भाऊ आणि अँटनी यांच्यातला समझोता टिकावा म्हणून केलेलं हे लग्न होतं. अँटनी इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिच्याकडे गेला आणि इ.स.पू. 32 मध्ये त्याने हिला घटस्फोट दिला. तरी अँटनी आणि क्लिओपात्रा दोघं मेल्यावर त्यांची मुलं हिनेच आपल्या घरी वाढवली. तिचा मुलगा मार्सेलस इ.स.पू. 23 मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्या दुःखातून ती सावरली नाही असं प्राचीन लेखक सांगतात. रोममध्ये तिच्या नावाचा स्तंभमंडप, पोर्तिको द’ओत्ताव्हिया, आजही उभा आहे. दिसतं ते प्रवेशद्वार नंतरच्या, इ.स. 203 च्या जीर्णोद्धारातलं, आणि मध्ययुगात तिथे मासळीबाजार भरायचा. पण नाव तिचंच टिकलं. दुसरी ऑक्टेव्हिया म्हणजे क्लॉडियस सम्राटाची मुलगी, नीरोची पहिली बायको. इ.स. 62 मध्ये तिला घटस्फोट देऊन एका बेटावर हद्दपार केलं आणि मारलं. दोघींचंही आयुष्य दुःखाचं. मात्र दोघींबद्दलही जुन्या लेखकांनी आदराने लिहिलंय. रोमन राजघराण्यातल्या बायकांच्या बाबतीत हे दुर्मीळ आहे. लिव्हिया, मेसालिना, ॲग्रिपिना या नावांना विषप्रयोगाच्या आणि कारस्थानांच्या कथा चिकटल्या आहेत. ऑक्टेव्हियाला तसलं काही चिकटलेलं नाही.

अलीकडच्या काळातली सर्वांत देखणी ओळख म्हणजे ऑक्टेव्हिया हिल (1838–1912). लंडनच्या गरीब वस्त्यांत घरं सुधारण्याचं काम तिने उभारलं आणि 1895 मध्ये नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे ऐतिहासिक वास्तू आणि निसर्गस्थळं जपणाऱ्या संस्थेच्या, संस्थापकांत ती होती. ती आपल्या वडिलांची आठवी मुलगी, म्हणजे तिच्या बाबतीत नाव शब्दशः खरं. सासरच्यांना ‘उच्चभ्रू’ वाटत असेल तर हे उदाहरण पुढे करा. अमेरिकेत या नावाचा रंग आणखी वेगळा आहे: लेखिका ऑक्टेव्हिया बटलर, अभिनेत्री ऑक्टेव्हिया स्पेन्सर, दोघी कृष्णवर्णीय. अमेरिकेत सरदारी थाटाचा वास या नावाला येत नाही. ब्रिटनमध्ये थोडा येतो, हे सासरच्यांचं म्हणणं मात्र खरं आहे.

उच्चार हा सगळ्यांत कामाचा मुद्दा. इंग्रजीत ऑक्-टे-व्हि-या, जोर ‘टे’वर. मूळ लॅटिन उच्चार ‘ओक्तावीआ’, आणि त्यातला व आपल्या मराठी व-सारखा, ओठ न चावता म्हटलेला. म्हणजे नाशिकच्या आजींनी ‘ओक्ताविया’ म्हटलं तर त्या ऑगस्टसच्या घरातल्या उच्चाराच्या इंग्रजांपेक्षा जवळ असतील. त्यांना दुरुस्त करत बसू नका. शेवटचा ‘या’ प्रिया-सुप्रियाच्या वळणावर जातो, त्यामुळे मराठी कानाला नाव लगेच मुलीचं वाटतं आणि ‘ऑक्टेव्हियाला’, ‘ऑक्टेव्हियाची’ असे प्रत्ययही न अडखळता लागतात. इटलीत तेच नाव ‘ओत्ताव्हिया’ होतं, पोलंडमध्ये ‘ओक्ताव्हिया’. युरोपात कुठेही अनोळखी वाटणार नाही.

अडचण येते लघुरूपांत. इंग्रजीत टेव्ही, टेव्हिया, व्हिया, ऑटी ही चालतात. टेव्ही मराठी घरात पहिल्याच दिवशी टीव्ही होईल. ऑटीचं ‘आंटी’ होतं. ‘तावी’ म्हणायला गोड आहे, पण इंग्लंडमधली शिक्षिका ते टेव्ही वाचेल, म्हणजे पुन्हा तिथेच. व्हिया तेवढं दोन्ही भाषांत तगतं, पण नुसतं उच्चारलं तर तुटक वाटतं. म्हणून म्हणते, चार अक्षरांचं पूर्ण नाव रोज तोंडात बसतं का ते आधी पाहा. दोघांनी आठवडाभर एकमेकांशी बोलताना बाळाचा उल्लेख पूर्ण नावानेच करा. जिन्याखालून वर हाक मारून पाहा. फोनवर कुठेतरी टेबल राखून ठेवताना हे नाव द्या आणि समोरचा कितीदा विचारतो ते मोजा. आठवड्याच्या शेवटी तुमचं तुम्हीच काहीतरी लघुरूप वापरायला लागला असाल, तर मुलीचं नाव व्यवहारात तेच होणार. मग निर्णय त्या लघुरूपावर घ्या.

आडनावाशी जोडूनही बघा. तुम्ही आडनाव लिहिलेलं नाही. ते स्वरापासून सुरू होत असेल तर दक्षिण इंग्लंडच्या बोलीत दोन स्वरांच्या मध्ये एक ‘र’ आपोआप घुसतो: ‘ऑक्टेव्हियार ॲडम्स’. हा र टाळता येत नाही, माणसं नकळत म्हणतात. व्यंजनाने सुरू होणारं एक-दोन अक्षरांचं आडनाव या नावाला सर्वांत शोभतं. ऑक्टेव्हिया हिल हाच नमुना. मधलं नाव मराठी ठेवणार असाल तर तेही आखूड घ्या: मीरा, रमा, जुई. ‘ऑक्टेव्हिया अनसूया’ फार लांबतं आणि दोन ‘या’ एकमेकांवर आदळतात.

भारतातली प्रतिक्रिया ऐकायची तयारी ठेवा: ‘अरे, ती गाडी!’ श्कोडाने 1959 मध्ये एका गाडीला हे नाव दिलं आणि 1996 मध्ये नव्या गाडीला पुन्हा दिलं. 2001 मध्ये ती भारतात आली, आणि जुळणी व्हायची ती आपल्याच औरंगाबादजवळ, शेंद्र्याला. त्यामुळे महाराष्ट्रात चाळिशीपुढच्या कुणालाही हे नाव आधी गाडीचं म्हणूनच माहीत आहे. सुट्टीत नाशिकला आल्यावर मुलीला हे दर वर्षी ऐकावं लागेल. इंग्लंडमध्येही गाडी रस्त्यावर दिसते, पण तिथे नाव माणसांचं म्हणूनही ओळखीचं आहे, त्यामुळे गाडी मागे राहते. शाळेत चिडवायला ‘ऑक्टोपस’ हा शब्द पाचव्या-सहाव्या वर्षी हमखास निघेल आणि बहुधा दोन-तीन वर्षांत विरेल. हे दोन तोटे मी खरे मानते, पण नाव सोडून द्यावं इतके मोठे मानत नाही.

एका गोष्टीचा मात्र पुन्हा विचार करा. जन्म ऑक्टोबरचा म्हणून ऑक्टेव्हिया, हे कारण मनातून काढून टाका. बाळ सप्टेंबरच्या शेवटी आलं तर तुम्हीच संभ्रमात पडाल, आणि ऑक्टोबरातच आलं तर मुलीला जन्मभर लोक ‘महिन्यावरून का?’ असं विचारतील.

पर्याय हवेच असतील तर दोनच सुचवते. ऑरेलिया: सोन्याशी जोडलं जाणारं नाव, ज्युलियस सीझरच्या आईचं, मराठीत ‘सोनू’ अशी हाक आपोआप निघते. किंवा व्हॅलेरिया: ‘बलवान असणे’ या क्रियापदावरून, अर्थ विचारणाऱ्यांना एका शब्दात उत्तर. लिव्हिया ऐकायला छान, पण इंग्लंडमध्ये प्रत्येक जण ते ऑलिव्हिया ऐकेल.

नाव किती प्रचलित आहे ते अंदाजाने ठरवू नका. इंग्लंड-वेल्सचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दरवर्षी नावांची पूर्ण यादी काढतं, तीनपेक्षा कमी मुलांना ठेवलेली नावं तेवढी वगळून. मागच्या दहा वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून कल पाहा. एका वर्षाच्या क्रमांकावरून काही कळत नाही.

नोंदणीला इंग्लंडमध्ये जन्मापासून 42 दिवस मिळतात, तेव्हा दवाखान्यातून घरी येईपर्यंत ठरलंच पाहिजे असं नाही. बाळाचा चेहरा पाहून, तिथेच घरी बारसं करून, मग नोंदवलं तरी चालतं. नोंदणीनंतरही 12 महिन्यांच्या आत पहिलं नाव बदलून नोंदवता येतं. स्पेलिंग लिहिताना ‘के’ नको, ‘सी’ ठेवा, नाहीतर प्रत्येक अर्जावर दुरुस्ती करावी लागेल. देवनागरीतलं रूपही आत्ताच एक ठरवा, ‘ऑक्टेव्हिया’, आणि बारशाच्या पत्रिकेपासून तेच सगळ्यांना द्या. पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं भारत सरकारचं कार्ड) काढाल तेव्हा त्यावरचं नाव ब्रिटिश पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. म्हणून मधलं मराठी नाव ठेवणार असाल तर ते जन्मनोंदणीतच घाला.