परदेशी क्रूझसारखं बोटीने जाऊन जंगलात ट्रेक, असं सातारा-सांगलीकडे कुठे करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियाच्या एका क्रूझची जाहिरात पाहिली. मोठं जहाज खाडीत उभं राहतं, रबरी होड्या लोकांना किनाऱ्याला लावतात, मग डोंगरात भटकून संध्याकाळी परत जहाजावर. तसं काही जवळपास, डिसेंबरात, ११ वर्षांचा मुलगा आणि साठीच्या सासूबाईंना घेऊन जमेल का, असा तुमचा प्रश्न.

हिमनद्या सोडून बाकी सगळं जमेल. मी साताऱ्याची, त्यामुळे एकच नाव घेईन: वासोटा किल्ला.

आधी एक गोंधळ मिटवते: वासोटा राष्ट्रीय उद्यानात येत नाही. कागदोपत्री ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हणजे चांदोली, २००४ साली जाहीर झालेलं. सांगलीकडून शिराळा तालुक्यातल्या मणदूरच्या बाजूने तिथे जाता येतं, पण तो गाडीत बसून जंगल बघायचा कार्यक्रम आहे, पायी भटकायचा नव्हे. वासोटा येतो कोयना अभयारण्यात. २०१० पासून ही दोन्ही जंगलं मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. पण नुसत्या नावावरून मुलाला वाघाची आशा लावू नका. शेकरू मात्र डोक्यावरच्या फांद्यांवर दिसू शकतं, आणि गव्याच्या खुरांचे ठसे दिसले की तेवढ्यावरही पोरं खूश होतात.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, कासचं पठार ओलांडून बामणोली साधारण ४० किलोमीटर. तिथे वनखात्याची परवानगी काढायची आणि बोट ठरवायची. बोट अख्खी घ्यावी लागते, त्यामुळे तुम्ही चौघंच असाल तर खर्च अंगावर येतो. बोटींच्या धक्क्यावर दुसरं एखादं कुटुंब गाठून वाटून घ्या, तिथे सगळे तेच करतात.

मग तासभर, कधी सव्वा तास, शिवसागराच्या पाण्यातून. कोयना धरणाने अडवलेलं हे पाणी. मला ट्रेकपेक्षा हा तासच जास्त आवडतो. इंजिनाच्या धडधडीत बोलता येत नाही, म्हणून सगळे गप्प. सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि दोन्ही अंगांनी डोंगर हळूहळू जवळ येत जातात. खाली बुडालेली गावं आहेत. माझ्या आत्याच्या सासरची माणसं त्यातल्याच एका गावातून उठली. आत्या एकदा बोटीत आमच्याबरोबर होती. एका जागी तिने नुसतं बोट दाखवलं, ‘इथे कुठेतरी आमची खाचरं.’ आम्ही सगळे वाकून पाहायला लागलो. दिसणार काय, हिरवं पाणी.

बोट गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला लागते. डिसेंबरात पाणी बऱ्यापैकी वर असतं. मार्च-एप्रिलमध्ये ते इतकं उतरतं की बोटीतून उतरून उन्हात भेगाळलेला काठ तुडवत वर यावं लागतं.

तिथे वनखात्याच्या चौकीवर तुमच्या पिशव्या उघडतात. बाटल्या, बिस्किटांचे पुडे, चिवड्याच्या पिशव्या, प्लॅस्टिक म्हणून जे काही असेल ते मोजून वहीत लिहितात आणि अनामत रक्कम ठेवून घेतात. परतताना पुन्हा मोजणी. आमच्या वेळी तेवीस वस्तू लिहिल्या होत्या, आल्यावर बावीस भरल्या. वनरक्षक शांतपणे म्हणाले, ‘परत मोजा, घाई नाही.’ माझ्या भावाने चॉकलेटचा कागद बुटात खोचला होता, खिसा फाटका म्हणून! दहा मिनिटांनी त्याला आठवलं. हा जाच वाटतो खरा, पण वरची वाट इतकी स्वच्छ का, तर यामुळे.

चढ पाण्यापासून माथ्यापर्यंत साधारण ५०० मीटरचा. सुरुवातीला सपाट, मग ओढ्याजवळ मारुती-गणपती. सासूबाईंचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना इथपर्यंतच आणा, सोबत कुणीतरी थांबा. पुढे दीड-दोन तास दाट झाडीतली खडी वाट आहे. सावली असल्याने मुलगा चढेल, फक्त त्याला पुढे पळू देऊ नका. पाणी प्रत्येकी दोन लिटर घ्या.

झाडी संपते आणि मोडक्या दरवाज्यातून गडावर. छप्पर नसलेला मारुती, पाण्याची टाकी, महादेवाचं देऊळ. ताई तेलिणीची गोष्ट तिथे बसूनच मुलाला सांगा. पेशवाईच्या उतरत्या काळात तिने हा किल्ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांशी झुंजवला, आणि ‘तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा’ हे आमच्याकडे अजून म्हणतात. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून गड घेतला. बाबूकड्यावर उभं राहिलं की तो जुना वासोटा समोरच दिसतो. कडा घोड्याच्या नालेसारखा, खाली सरळ कोकण. कठडा वगैरे काही नाही. मुलाचा हात धरा, आणि सेल्फीवाल्या नवऱ्याचाही.

आता खरा मुद्दा. क्रूझवाले तुमच्यासाठी थांबतात. इथे बोटवाले मामा थांबतात, पण उजेड थांबत नाही. गडावर मुक्कामाला बंदी आहे, संध्याकाळी जंगलाबाहेर यावंच लागतं. दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणपणा केला. वाटेत नागेश्वरच्या गुहेचा फाटा लागतो, ‘आलोच आहोत तर’ म्हणत तिकडेही गेलो. सुळक्याखालच्या त्या गुहेत महादेवाची पिंड आहे, जागा सुंदर आहे, पण खाली पोहोचेपर्यंत सूर्य बुडाला. मामा काठावर उकिडवे बसले होते. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, ‘ताई, अंधारात पाण्यातली खोडं दिसत नाहीत.’ मग अख्ख्या वाटेत इंजिन अगदी हळू, त्यांचा मुलगा पुढे टोकाला बॅटरी धरून बसलेला, आणि आम्ही सहाजण थंडीने काकडत एका चादरीत. भांडणाचीही ताकद उरली नव्हती. म्हणून दोन्ही एका दिवसात नकोच. बोटीत सकाळी आठ-साडेआठला बसा, एकपर्यंत माथा सोडा, मग पुढचं आपोआप जुळतं.

पावसाळ्यात हे सगळं बंद असतं, तुमचा डिसेंबर उत्तम. स्वेटर लागेल, दुपारी काढून हातात वागवावा लागेल. बामणोलीत सकाळीच पिठलं-भाकरी सांगून ठेवा, मोजकी माणसं असली तर ऐन वेळी कुणी चूल पेटवत नाही. आणि चौकी यायच्या आत मुलाचे खिसे तपासा. बूटसुद्धा.