रेकॉर्डला ‘मुखपृष्ठ’ असते का?

प्रश्न असा आला आहे : ‘जमैकाचे चित्रकार नेव्हिल गॅरिक यांच्यावर लेख लिहिते आहे. जमैकाचेच गायक बॉब मार्ली यांच्या अल्बमांची कव्हरे त्यांनी केली. “मुखपृष्ठ” लिहिले की पुस्तक डोळ्यांपुढे येते, “वेष्टन” लिहिले की साबण. काय लिहू? आणि त्यांना “मुखपृष्ठकार” म्हणावे का?’

‘मुखपृष्ठ’ खुशाल लिहा. पृष्ठ म्हणजे फक्त पान नव्हे. संस्कृतात पाठ आणि वरचा भाग हेही त्याचे अर्थ आहेत. ‘भूपृष्ठ’मध्ये पान कुठे आहे? बारा इंची चौकोनी पुठ्ठ्याच्या दर्शनी बाजूला तो शब्द अगदी चपखल बसतो. मागच्या बाजूसाठी प्रकाशकांचा ‘मलपृष्ठ’ हा शब्द आहेच.

मात्र गॅरिक यांचे काम दर्शनी बाजूवर संपत नाही. मार्लींच्या निधनानंतर १९८३ साली आलेला ‘कन्फ्रंटेशन’ पाहा. पुढे घोड्यावर बसून भाल्याने ड्रॅगनला मारणारे मार्ली, म्हणजे सेंट जॉर्जचे जुने ख्रिस्ती चित्र. कव्हर उघडले की आत अडवाची लढाई, १८९६ साली इथिओपियाने इटलीच्या फौजेला हरवले ती. बाहेरचे चित्र दंतकथेतले, आतले इतिहासातले. दोन्ही मिळूनच अर्थ पुरा होतो. इथे नुसते ‘मुखपृष्ठ’ म्हटले तर निम्मे काम वगळले जाते. अशा जागी मी सरळ ‘कव्हर’ लिहीन. ‘वेष्टन’ व्याकरणाने बरोबर आहे, पण फोडून टाकून द्यायच्या वस्तूचा वास त्याला आहे, आणि ही कव्हरे लोकांनी जपली, भिंतीवर लावली.

‘सर्व्हायव्हल’च्या (१९७९) बाबतीत मात्र ‘मुखपृष्ठ’च हवे, कारण तिथे सगळा जोर पुढच्या बाजूवर आहे. आफ्रिकी देशांचे झेंडे ओळीने मांडलेले, आणि नावाच्या पट्टीत गुलामवाहू जहाजाचा अठराव्या शतकातला आराखडा, दाटीवाटीने निजवलेल्या माणसांचा. मार्लींचा चेहरा पुढे नाहीच. इतके थोडक्यात इतके सांगणारे मुखपृष्ठ मला दुसरे आठवत नाही. ‘एक्झोडस’वरही (१९७७) चेहरा नाही; सोनेरी रंगावर लाल अक्षरे, त्यांचे वळण इथिओपियाच्या अम्हारिक लिपीची आठवण देणारे. त्यासाठी ‘अक्षरांकन’ लिहा. ‘सुलेखन’ म्हटले की सुंदर हस्ताक्षर असा समज होतो.

‘मुखपृष्ठकार’ तोकडा पडेल. किंग्स्टनमध्ये जन्मलेले गॅरिक लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकले, ‘जमैका डेली न्यूज’मध्ये कलाविभाग सांभाळून मग मार्लींकडे आले. कव्हरांखेरीज मंचामागचे पडदे आणि दौऱ्यांतली प्रकाशयोजनाही त्यांचीच. आपल्याकडे ‘कलादिग्दर्शक’ म्हटले की नाटक-सिनेमाचा सेट आठवतो खरा, पण इतक्या कामांना कवेत घेणारा दुसरा रुळलेला शब्द नाही. तोच वापरा.

न विचारलेली एक गोष्टही सांगतो. मार्लींच्या संगीतप्रकाराचे नाव रेगे; पहिल्या उल्लेखात ‘रेगे संगीत’ असे पूर्ण लिहा, नाहीतर मराठी वाचक आधी आडनाव वाचेल. पुढे विभक्ती लावताना दोन्ही आपोआप वेगळे होतात : आडनाव असेल तर ‘रेग्यांचे घर’, संगीत असेल तर ‘रेगेचा ठेका’.